हायलँड गाय खान्देशात? आधी मे महिन्याचा हिशेब करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातलं एक कुटुंब, सहा एकर शेती, दोन एकर केळी, बाकी कपाशी आणि मका. विहिरीला पाणी आहे. घरातल्या मुलांनी मोबाइलवर डोळ्यांवर केस आलेल्या, लांब शिंगांच्या स्कॉटलंडच्या हायलँड गायी पाहिल्या. तशी एक जोडी आणता येईल का, आणि तिच्या सोबतीला शेळ्या, कोंबड्या, एखादी म्हैस असं सगळं घरच्या घरी सांभाळता येईल का?

भाऊ, हायलँड आणू नका. बाकी सगळं जमेल, आणि चांगलं जमेल. पण हायलँड का नको हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे कोणतं जनावर ठेवायचं याचं उत्तर त्यातच आहे.

ही गाय स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली आणि पश्चिमेकडच्या बेटांवरची. तिथे भर उन्हाळ्यातली दुपारसुद्धा वीस अंशांच्या आसपास असते, पश्चिम भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि हिवाळ्यात वारा-बर्फ अंगावर घेत जनावर उघड्यावर उभं असतं. त्यासाठी तिला केसांचे दोन थर असतात. आत मऊ लोकर, वर तेलकट राठ केस, एक फुटापर्यंत लांब. पावसाचं पाणी वरच्या केसांवरून ओघळून जातं, आतलं अंग कोरडं राहतं. त्यामुळे ऊब धरायला कातडीखाली चरबीचा जाड थर लागत नाही, आणि म्हणूनच तिचं मांस कमी चरबीचं म्हणून तिकडे नावाजलेलं आहे. गाय साधारण ५०० किलोची, वळू ८०० किलोपर्यंत. जी जाडीभरडी झुडपं, जे निकस गवत दुसरी गुरं तोंडात धरत नाहीत, त्यावर ती जगते, अडचण न येता विते, आणि म्हातारपणापर्यंत वासरं देते. तिच्या जातीची संस्था १८८४ साली उभी राहिली, पुढच्याच वर्षी वंशावळीची पहिली नोंदवही निघाली. म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांनी सव्वाशेहून जास्त वर्षं हे गुण कागदावर नोंदवत जपले. मला या जातीबद्दल मनापासून आदर आहे.

आता तीच गाय मे महिन्यात आपल्या खळ्यात उभी करून पाहा. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. रात्रीसुद्धा अंग निवत नाही. विलायती गुरांना साधारण २५ अंशांच्या पुढे ऊन बाधायला लागतं. त्यांची भूक कमी होते, दूध उतरतं, माजावर येणं बिघडतं. त्यात हायलँड म्हणजे भर उन्हात घोंगडी पांघरून उभं राहिलेलं जनावर. उन्हाळ्यात तिचे काही केस झडतात, पण ते झडणं तिकडच्या उन्हाळ्यापुरतं. तिला जिवंत ठेवायला तुम्हाला पंखे, फवारे आणि चोवीस तास वीज लागेल. आपल्याकडे शेतीपंपाला वीज किती तास येते हे तुम्हाला सांगायला नको.

मिळकतीचाही विचार करा. ही मांसाची जात आहे, दूध वासरापुरतं. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणजे तिकडे ज्यासाठी ती पाळतात ते इथे नाही, दूध नाही, आणि औताला तर ती चालणारच नाही. शिवाय परदेशातून जिवंत गुरं आणायला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचा परवाना, रोगांचे दाखले, विलगीकरण हे सगळं लागतं. म्हणून कोणी फोनवर फोटो पाठवून ‘हायलँडचं वासरू आहे, बुकिंगचे पैसे टाका’ म्हणालं तर एक रुपया टाकू नका. बुटक्या पुंगनूर गायीचंही सध्या असंच वेड आहे. जनावर समोर पाहिल्याशिवाय आणि सलग तीन वेळा दूध काढून बघितल्याशिवाय व्यवहार करायचा नाही, मग ती कोणतीही जात असो.

मुलांना मात्र नुसतं नाही म्हणून गप्प करू नका. जनावरांची ओढ असलेलं पोर आजकाल घरात असणं ही मोठी गोष्ट आहे. त्याच्या हातात एक पाठ, म्हणजे शेळीचं मादी करडू, द्या, पाणी-पाला त्यालाच बघू द्या.

आपल्या गायीला हा उन्हाळा कसा झेपतो ते एकदा जवळून बघा. अंगावर आखूड, चकचकीत केस. गळ्याखाली लोंबती पोळी, सैल कातडी, म्हणजे उष्णता बाहेर टाकायला अंगाचा पसारा जास्त. घामाच्या ग्रंथी विलायती गायीपेक्षा मोठ्या आणि जास्त. केसांचा रंग पांढरा किंवा लाल असला तरी खालची कातडी बहुतेक काळी, त्यामुळे ऊन भाजत नाही. दुपारी तीन वाजता गोठ्यात जाऊन तिच्या कुशीकडे एक मिनिट टक लावून बघा आणि श्वास मोजा. सावलीत उभ्या असलेल्या निवांत जनावराचा श्वास मिनिटाला वीस-तीस चालतो. साठच्या वर गेला तर ते उन्हानं त्रासलंय. ऐंशीच्या पुढे जाऊन तोंड उघडं, जीभ बाहेर, लाळेची तार लोंबतेय असं दिसलं तर डॉक्टरांना फोन करा आणि ते येईपर्यंत डोक्यावर, मानेवर, पाठीवर गार पाणी ओतत राहा. जनावर विकत घेतानाही मी हीच मोजणी करतो. एकाच झाडाखाली बांधलेल्या चार गायींत कोणती शांत रवंथ करतेय आणि कोणती धापा टाकतेय, हे पाच मिनिटांत कळतं.

म्हणून जात ठरवण्याआधी मे महिना ठरवा. वही घ्या. समजा दोन गायी आणि दहा शेळ्या ठेवायच्या आहेत. गायीला रोज सहा किलो सुकी वैरण, शेळीला एक किलो. झाले रोजचे २२ किलो. फेब्रुवारी ते जून असे पाच महिने धरा, १५० दिवस. ३३०० किलो सुका चारा फेब्रुवारीच्या आधी तुमच्या खळ्यात पडलेला पाहिजे. दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, कडबा असेल तर उत्तम. आपल्याकडच्या दादरीच्या कडब्याला गुरं ज्या चवीनं तोंड लावतात ते दुसऱ्या कशाला लावत नाहीत. पण पेंढ्या नुसत्या मोजू नका, दहा पेंढ्या काट्यावर टाकून वजन काढा, मग हिशेब करा. हरभऱ्याचं कुटार, तुरीचं कुटार, भुईमुगाचा पाला फेकू नका. कडबा सबंध टाकला तर बराचसा पायाखाली जातो, म्हणून चारा बारीक कापणारं कुट्टी यंत्र ही पहिली खरेदी.

हिरव्यासाठी बारा-पंधरा गुंठे वेगळे काढा, तेही विहिरीजवळचे. फुले जयवंत हा संकरित नेपियर लावा, बांधानं दशरथ घास आणि शेवरी. नेपियरची पहिली कापणी नऊ-दहा आठवड्यांनी, पुढे दीड-दोन महिन्यांनी. नेपियरनं पोट भरतं, पण प्रथिनं दशरथ घास, शेवरीसारख्या द्विदल चाऱ्यातूनच येतात, म्हणून दोन्ही लागतात. तुमच्याकडे मका आहेच, त्यातल्या थोड्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, करा. कणीस दुधाळ अवस्था सोडून चिकात आलं की कापायचं, कुट्टी करायची. मूठभर कुट्टी घट्ट दाबून हात उघडा: गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता दमट राहिला तर बरोबर. पाणी गळलं तर मका कच्चा आहे, गोळा झालाच नाही तर वाळला आहे. पिशवीत दाबताना हवा राहू द्यायची नाही, पायांनी तुडवा. दीड महिन्यानं उघडला की आंबूस गोड वास आला पाहिजे. काळी बुरशी दिसली तर तेवढा भाग उकिरड्यावर, गव्हाणीत नाही.

पाण्याचंही तसंच. दुभत्या गायीला उन्हाळ्यात ऐंशी-शंभर लिटर पाणी लागतं आणि ते सावलीतलं हवं. उन्हात तापलेल्या सिमेंटच्या टाकीतलं पाणी जनावर हुंगून सोडतं, आणि पाणी कमी प्यालं की दूध कमी झालंच.

आता जनावरं.

घरचं दूध, शेणखत आणि कमी कटकट हवी असेल तर निमाडी गाय बघा. खरगोन-बडवानी हा तिचा मुलूख, म्हणजे सातपुड्यापलीकडचे आपले शेजारीच. तांबडं अंग, त्यावर पांढरे फटकारे. गीर आणि खिल्लार यांच्या मिश्रणातून ती आली असं मानतात. बैल औताला चिवट, गाय दूध मोजकंच देते, पण साध्या वैरणीवर आणि आपल्या उन्हात टिकते. स्वभावानं थोडी तापट असते, वासरू लहान असताना मुलांना जवळ जाऊ देऊ नका. थोडं दूध विकायचं असेल तर गीर. चांगली सांभाळलेली गीर दिवसाला सहा ते दहा लिटर देते, माणसाळते, आणि काठेवाडी लोकांनी ती आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या फिरवलेली असल्यामुळे तिला इथली हवा नवी नाही. जर्सी-होल्स्टीनच्या संकरित गायीला मी वाईट म्हणणार नाही, ज्यांनी दुधाचाच धंदा करायचाय त्यांच्यासाठी ती आहे. पण विलायती रक्त निम्म्याच्या फार पुढे गेलं की उन्हाळा आणि गोचीड दोन्ही तिला सोसत नाहीत, आणि केळी सांभाळून अशा गायीमागे धावणारं माणूस घरात वेगळं लागतं.

म्हशीचं दूध आपल्या लोकांना आवडतं, फॅटप्रमाणे भावही मिळतो. जाफराबादी, मेहसाणा, मुऱ्हा या सगळ्या खान्देशात दिसतात. पण म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी. तिला मे महिन्यात दिवसातून दोन-तीनदा अंगावर पाणी पाहिजेच. विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवत असेल तर म्हैस घेऊ नका. पाणी असेल तर एक म्हैस आणि एक गाय ही जोडी सहा एकरांच्या घराला फार सोयीची पडते, एक आटली तरी दुसरीचं दूध चालू राहतं.

खुराकाचं, म्हणजे ढेप-भरड्याचं, साधं गणित: शरीरासाठी रोज एक किलो, आणि वर दर लिटर दुधामागे गायीला ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम. हे टाळलं की गाय वेळेवर माजावर येत नाही आणि लोक नशिबाला दोष देतात.

शेळ्यांचं तुमच्याकडे सगळ्यात लवकर बसेल. पांढरी सुरती शेळी, जिला खान्देशी म्हणूनही ओळखतात, ती दुधाला चांगली. उस्मानाबादी काळी, मटणासाठी आणि जुळ्यांसाठी. गाभण काळ १५० दिवसांचा, नीट व्यवस्था ठेवली तर दोन वर्षांत तीन वेतं मिळतात. दहा माद्या आणि एक नर इतक्यावर सुरुवात करा. नर दर दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्याच पाठींवर जाईल. शेळीला गवतापेक्षा झाडपाला हवा: बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, सातपुड्याकडे अंजनाचा पाला. अंजनाची झाडं बांधावर असतील तर तोडू नका, उन्हाळ्यात तोच आधार असतो. केळीच्या बागेत मात्र शेळ्या सोडायच्या नाहीत, कोवळे कंद आणि ठिबकच्या नळ्या दोन्ही जातील.

कोंबड्या वीस-पंचवीस गावरान पुरेत. गोठ्यात फिरून गोचीड, शेणातल्या अळ्या वेचतात. फक्त गव्हाणीत चढू देऊ नका, त्यांची विष्ठा चाऱ्यात गेली की गुरांना हगवण लागते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची लस, एवढं चुकवलं नाही तर बहुतेक कोंबड्या हाती राहतात. आणि कुठल्याही मोठ्या पोल्ट्रीतल्या मोडीत काढलेल्या कोंबड्या स्वस्त मिळतात म्हणून घरच्या कळपात आणू नका. नवापूरला २००६ साली आणि पुन्हा २०२१ साली बर्ड फ्लूनं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

आता ज्या गोष्टींनी खान्देशात जनावरं हकनाक मरतात त्या सांगतो. इथे घाई करू नका, सावकाश वाचा.

कपाशी. शेवटची वेचणी झाली की शेतात गुरं सोडायची आपली रीत. पण फवारणी कधी झाली, कोणी केली, कोणतं औषध होतं हे विचारल्याशिवाय सोडू नका. शेजाऱ्याच्या शेताचंही विचारा. पंप धुतलेलं पाणी चारीत किंवा हौदाजवळ ओतायचं नाही. जनावराची एकदम लाळ गळायला लागली, अंग थरथरतंय, डोळ्यातली बाहुली बारीक झाली तर ती विषबाधा समजा. डॉक्टरांना औषधाची बाटली दाखवा, नुसतं नाव तोंडी सांगू नका.

सरकी ढेप. दुभत्या मोठ्या जनावराला चांगली, पण सरकीत गॉसिपॉल नावाचा घातक घटक असतो. रवंथ करणारं मोठं जनावर तो पचवतं. लहान वासराला आणि कोंबड्यांना तो बाधतो. वासराला तीन-चार महिन्यांपर्यंत सरकी ढेप द्यायचीच नाही. पावसाळ्यात ओल धरलेली, हिरवट बुरशीची ढेप कोणालाच नको. त्यातलं विष दुधात उतरतं आणि ते दूध तुमचीच मुलं पितात.

ज्वारी. जुलै-ऑगस्टमध्ये पावसानं ताण दिला की कोवळ्या ज्वारीत आणि कापलेल्या ज्वारीच्या फुटव्यात सायनाइड तयार होतं. भुकेलं जनावर त्यात घुसलं तर काही मिनिटांत पोट फुगतं, श्वास लागतो, कोसळतं. फुलोऱ्यावर आल्याशिवाय ज्वारी चारायची नाही, आणि फुटव्याच्या शेतातून उपाशी गुरं न्यायची नाहीत. यावर इंजेक्शन आहे, पण डॉक्टर पोचायला वेळ मिळाला तर.

केळी. घड कापल्यावर खोडं वाया जातात, ती चारा म्हणून चालतात. पण खोडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, प्रथिनं जवळजवळ नाहीत. बारीक कुट्टी करा, अर्धा दिवस सुकू द्या, कडब्यात मिसळून मोठ्या जनावराला दहा-पंधरा किलोपर्यंत द्या. लांब तुकडे टाकले तर धागे पोटात गुंतून गोळा होतो. बाजारात न गेलेली पिकली केळीही एकदम पाटीभर ओतू नका. गोड पदार्थ जास्त झाला की पोटात आम्ल वाढतं आणि जनावर बसतं. मक्याचं किंवा गव्हाचं पोतं उघडं राहून शेळी त्यात शिरली तरी नेमकं हेच होतं, त्यामुळे धान्याच्या खोलीला कडी हवीच.

गोठ्यावर फार खर्च करू नका. लांबी पूर्व-पश्चिम, छप्पर उंच, पत्र्यावर उन्हाळ्यात पांढरा चुना आणि वर कडब्याचा थर, पश्चिमेला झाडं किंवा ओली गोणपाटं. एका गायीला छपराखाली ४० चौरस फूट आणि मोकळं अंगण ८० चौरस फूट असं ठेवून तिला सोडून द्या. दावणीला बारा महिने बांधलेल्या गायीपेक्षा मोकळी गाय स्वतः सावली शोधते, पाणी पिते, माजही लवकर ओळखू येतो. शेळ्यांच्या वाड्याला मात्र वरूनही जाळी हवी. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि गिरणेच्या पट्ट्यात बिबट्या फिरतो.

लसीकरण पावसाच्या आधी उरका. घटसर्प आणि फऱ्या मे-जूनमध्ये, लाळ खुरकूत वर्षातून दोनदा, कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदाच, शेळ्यांना आंत्रविषार आणि पीपीआर (शेळ्यांचा प्लेग). लम्पी तर विसरूच नका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राज्यातली साथ आपल्या रावेर तालुक्यातूनच सुरू झाली होती. कानातला बारा अंकी बिल्ला मारून घ्या, त्याशिवाय विमा आणि सरकारी मदत दोन्ही अडतात. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक घरात सगळ्यांना पाठ असू द्या. पाल आणि ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन चाऱ्याच्या ठोंबांची चौकशी करा.

आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना बसवून ठरवा: सकाळी पाचला धार कोण काढणार? सालदारावर सोडून चालत नाही, तो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) हिशेब करून मोकळा होतो, आणि तेव्हाच ऊन सगळ्यात कडक असतं. घरातल्या दोन माणसांना तरी धार काढता आली पाहिजे. बहुतेक घरांत हे काम शेवटी बायकांवर येतं. मग जनावर कोणतं घ्यायचं, किती घ्यायची, आणि दुधाचे पैसे कोणाच्या खात्यात जातील, हे त्यांना विचारून ठरवा.

क्रम असा ठेवा. या पावसाळ्यात नेपियर आणि दशरथ घास लावा, कुट्टी यंत्र आणा, कोंबड्या सुरू करा. दिवाळीनंतर शेळ्या. कडबा खळ्यात पडला, वजन करून पुरेसा निघाला, की जानेवारीच्या सुमारास गाय बघायला निघा. दुसऱ्या वेताची, नुकतीच व्यालेली, चारही सडं चालू असलेली. पहिल्या धारा काळ्या कापडावर सोडा, गाठी दिसल्या तर कासेचा आजार आहे, परत फिरा. संध्याकाळी, सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी अशा सलग तीन धारा स्वतः उभं राहून बघा, कारण विकणारा आदल्या वेळचं दूध कासेतच तुंबवून ठेवतो आणि एकाच धारेत बारा लिटर दाखवतो. घरी आणल्यावर पंधरा दिवस तिला बाकीच्यांपासून वेगळी बांधा, आणि तिच्या जुन्या मालकाकडून दोन-तीन दिवसांचा ती खात होती तोच चारा सोबत घेऊन या.